तेल्या की तणनाशकाचा चटका?

डाळिंबाच्या बागेत बांधाकडच्या ओळीची पाने भाजल्यासारखी दिसली, की आपल्या जत भागात पहिला शब्द तोंडी येतो तो 'तेल्या'. लगेच दुकान गाठून औषध आणले जाते. त्याआधी घरात एवढे विचारा, दोन-चार दिवसांत बांधावर तणनाशक मारले होते का?

पॅराक्वाट हे तणनाशक १९६२ साली बाजारात आले. त्याचे काम उन्हाच्या जोरावर चालते. हिरव्या पानात उन्हाच्या शक्तीने अन्न तयार होत असते. पॅराक्वाट ती शक्ती मध्येच हिसकावून प्राणवायूच्या हवाली करते. मग तोच प्राणवायू दाहक बनून पेशींची आवरणे फोडतो, आतला रस बाहेर येतो. कडक उन्हात काही तासांतच पान उकडल्यासारखे काळपट होते आणि वाळते.

संध्याकाळी फवारले तर उडालेल्या थेंबांनी काही बिघडत नाही, असे पुष्कळांना वाटते. होते उलटेच! अंधारात औषध गुपचूप पानात पसरते आणि सकाळी ऊन आले की जास्त भाग जळतो.

बहार धरताना आपण इथ्रेल मारतो, तेव्हाही पाने जातातच. पण ते जाणे वेगळे. इथ्रेलपासून इथिलीन वायू सुटतो. त्याच्या इशाऱ्याने पान पिवळे पडते, आपल्यातले बरेचसे नत्र फांदीला परत देते आणि देठाशी सुटते. भांडीकुंडी आवरून बिऱ्हाड हलवावे, तसे. पॅराक्वाट म्हणजे भरल्या घराला लागलेली आग.

चटक्याचे डाग बहुधा बांधाच्या बाजूलाच, एकाच वेळी उठतात. पुढे पसरत नाहीत, नवी पालवी स्वच्छ येते. तेल्याचे डाग पाणी शोषल्यासारखे, तेलकट दिसतात. ते वाढत जाऊन फळांवरही येतात. चटका असेल तर औषधावर पैसे घालू नका; जळालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. नेहमीचे पाणी द्या, पालवीची वाट पाहा. नवीन लागणीच्या रोपांना मात्र जपा, हिरव्या कोवळ्या खोडालाही हे औषध जाळते.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, नोझलला हूड लावा, वारा असेल तर काम उद्यावर टाका.

आणि घरातल्या बायकांनो, हे तुमच्या हाती आहे: उरलेले पॅराक्वाट सरबताच्या बाटलीत कुणाला ओतू देऊ नका. पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे.