भट्टीचे इंधन आणि वेचणारीचा हक्क

पुनर्वापरास निरुपयोगी असा ज्वलनशील कचरा दळून, दाबून त्याच्या कांड्या पाडतात व त्या सिमेंटच्या भट्टीत जाळतात. किलोमागे १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणारा असा कचरा जमिनीत पुरण्यास २०१६ च्या नियमांनी मनाई केली. ठीक! परंतु त्याच नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्यही नगरपालिकांवर घातले होते. त्याचे काय झाले? पीव्हीसी वेगळे न काढता जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषे उद्भवू शकतात. ते वेगळे काढणारे हात बहुतांशी दलित स्त्रियांचे. कित्येकींना हातमोजेही नाहीत. कारखान्यास इंधन आणि वेचणारीस दुर्गंधी, ही वाटणी जातीची आहे, कायद्याची नव्हे. दया नको, ओळखपत्र, मजुरी व संरक्षण हक्काने मागा!