गंजलेल्या वस्तऱ्याचा धडा

जुनी वस्तू चकचकीत करणे आणि ती पुन्हा कामास लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु त्यांची गल्लत सर्रास होते. घरातील जुन्या पेटीत एखादा शेफिल्डचा किंवा झोलिंगेनचा घडीचा वस्तरा सापडतो, गंजलेला, काळवंडलेला. पॉलिशच्या यंत्राच्या फिरत्या चाकावर धरला की तो पाच मिनिटांत आरशासारखा चमकू लागतो. पाहणाऱ्यास आनंद होतो. मात्र तेवढ्या अवधीत तो वस्तरा बहुधा कायमचा निकामी झालेला असतो.

याचे कारण पोलादाच्या प्रकृतीत आहे. वस्तऱ्याचे पाते लालबुंद तापवून, एकदम निववून प्रथम अतिशय कठीण केले जाते. मग ठिसूळपणा जावा म्हणून सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत बेताने पुन्हा तापविले जाते. अशा रीतीने पात्याला दिलेले ‘पाणी’ हेच त्याचे सर्वस्व. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेल्या पात्याची कड कागदाहूनही पातळ असते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर ती क्षणार्धात भलतीच तापते आणि हे पाणी उतरते. कडेवर निळी झाक दिसली की पोलाद मऊ पडले असे समजावे. मग दगडावर कितीही घासले तरी धार टिकत नाही.

हाताचे काम संथ असते, आणि म्हणूनच निर्धोक असते. प्रथम तेल लावून सुटा गंज मोकळा करावयाचा. मग पाते सपाट फळीवर टेकवून, बोटे धारेपासून दूर ठेवून, बारीक आणि पुढे त्याहून बारीक ओल्या पॉलिश पेपरने ते लांबीच्या दिशेने घासावयाचे. खरी परीक्षा येथेच होते. तांबडा गंज पोलाद खातो, तो काढलाच पाहिजे. परंतु दीर्घ वापराने आलेली करडी झाक निरुपद्रवी असते, ती राहू द्यावी. प्रत्येक खळगा नाहीसा करण्याच्या हट्टापायी पाते झिजते आणि कारखान्याचा ठसा पुसला जातो. शिवाय वस्तऱ्याची पाठ हीच त्याची मोजपट्टी आहे. धार लावताना पाठ आणि कड दोन्ही दगडावर टेकतात व पाठीच्या जाडीवरून धारेचा कोन ठरतो. शोभेसाठी पाठ घासणारा हा कोनच बिघडवून ठेवतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, पाते हलक्या हाताने फिरविले की काम पुरे झाले.

एवढा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली दाढीची अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती विकली. पुढे वापरून फेकावयाच्या पात्याने जग जिंकले ते सोयीच्या बळावर. केशकर्तनालयात तर प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हाच नियम योग्य होय. कावीळ-ब आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तावाटे पसरतात हे कळल्यावर एकच वस्तरा अनेकांच्या गालांवर फिरविण्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु सोयीच्या या हिशेबात एक गोष्ट नोंदली जात नाही. पाते फेकून देणाऱ्यास कोठे थांबावे याचा निर्णय कधी करावाच लागत नाही; ते दुरुस्त करणाऱ्यास तो प्रत्येक हातासरशी करावा लागतो.

ही जाण आपल्याकडे न्हाव्याच्या धोपटीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. पण समाजाने तिला जातीची खूण मानले, विद्या मानले नाही. ‘हजामत’ हा शब्द आपण फजितीच्या अर्थाने वापरतो, यातच ती तुच्छता दिसते. वास्तविक १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, तेव्हा वस्तरा कोठे चालवू नये हे त्यांनीच सुशिक्षित म्हणविणाऱ्यांना सांगितले.

हातांना शिक्षणात स्थान हवे, हे आपण वारंवार मान्य केले आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक कारागिरांच्या सहवासातील दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले आहेत. हेतू उत्तमच आहे. परंतु पुष्कळ शाळांत कार्यानुभवाचा तास कागदी फुलांवर आणि गुणपत्रकातील श्रेणीवर भागविला जातो, आणि या दहा दिवसांचीही तीच गत होण्याचे भय आहे.

मुलांच्या हाती वस्तरा द्यावा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. पण गंजलेले कुलूप, बोथट झालेले खुरपे, अडलेली सायकल देण्यास काय हरकत आहे? शेजारी जाणता कारागीर रीतसर मानधन देऊन शिक्षक म्हणून बसवावा. आणि गुण द्यावयाचे ते वस्तू किती चमकते हे पाहून न देता ती पुन्हा चालू लागली की नाही, हे पाहून द्यावेत. एवढे झाले तरी त्या दहा दिवसांचे सार्थक होईल.