न खपलेल्या फितीचा मान
टेक्सास विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला रंग मिळाले ते एप्रिल १८८५ मध्ये, ऐन गाडी सुटायच्या वेळी. संघ ऑस्टिनहून जॉर्जटाउनला सामन्यासाठी निघाला होता आणि छातीवर लावायला कुणाकडेच फिती नव्हत्या. दोन विद्यार्थी धावत काँग्रेस ॲव्हेन्यूवरच्या दुकानात गेले. कोणतेही दोन रंग चालतील, म्हणाले. दुकानदाराने पांढरी फीत दिली, कारण लग्नसमारंभांसाठी ती भरपूर ठेवलेली असे. आणि नारिंगी दिली, कारण ती कुणी घेतच नसे. सामना टेक्सास हरले. पुढे रंगांवरून बरेच वाद झाले. अखेर मतदानानंतर १९०० मध्ये हीच जोडी अधिकृत ठरली, आणि ते योग्यच झाले. नारिंगी कापड धुऊन पिवळट पडे, म्हणून १९२८ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक क्लाइड लिटलफील्ड यांनी गडद, विटकरी छटा आणली. आज बेसबॉल संघही तीच वापरतो.