दोरी कोण धरणार?

परीक्षा संपल्या. हा सुट्टीचा अंक तुम्ही मोबाईलवर उघडाल तेव्हा कुणी आजोळी असेल, कुणी फणसाच्या आठळ्या भाजत असेल, कुणी ग्रुपवर 'कुठे जायचं?' या प्रश्नावर दोनशे मेसेज टाकत असेल. आमच्या घरी मात्र सध्या एकच विषय आहे, सांजाव. माझा सतरा वर्षांचा भाऊ यंदा पहिल्यांदाच गावातल्या मुलांच्या टोळीबरोबर विहिरींत उड्या मारायला जाणार म्हणतो. आई म्हणते, 'मुळीच नाही.' पप्पा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत. आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघतात, जणू काही साहित्य शिकणाऱ्या मुलीनेच याचा निकाल द्यायचा आहे! घरातलं भांडण कोंकणीत चालतं, पण विचार करायला बसले की मी मराठीत लिहिते. म्हणून हा लेख.

आपल्या मंडळात बेळगाव-सावंतवाडीकडचे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. २४ जून हा संत जॉन बाप्तिस्ता यांचा जन्मदिवस. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आपल्या नातलग एलिझाबेथला भेटायला जाते, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदाने उसळी मारतं. ते बाळ म्हणजे जॉन. त्या उसळीची आठवण म्हणून गोव्यात लोक विहिरीत उडी मारतात. डोक्यावर फुलापानांचं कोपेल, हातात घुमट, तोंडात 'विवा सांजाव', नव्या जावयाचं सासरी कौतुक, फळांच्या टोपल्या आणि अर्थात फेणी. शिवोलीला तर सजवलेल्या होड्यांतून सण येतो. वरून पाऊस. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात खरा सण हाच.

आता एक जुनी गोष्ट. मी नऊ वर्षांची असेन. आमच्या शापायच्या, म्हणजे आजोबांच्या घरच्या विहिरीवर गर्दी झाली होती. शापाय कठड्याजवळ उभे. हातात जाड दोरी, दोरीच्या टोकाला दोन असोले नारळ बांधलेले. एका चुलत भावाने उडी मारली. तो वर येतोय न येतोय तोच मागच्याने न बघता उडी टाकली, ती थेट त्याच्या खांद्यावर. वर सगळे हसत होते, कारण सगळ्यांना तो खेळच वाटला. पाण्यातला मुलगा ओरडला नाही, हात हलवले नाहीत. फक्त त्याचं तोंड पाण्याच्या वर येत होतं आणि परत खाली जात होतं. हे एकट्या शापायने पाहिलं. नारळ बरोबर त्याच्या छातीपाशी पडले, त्याने एका हाताने ते कवटाळले आणि त्याला पायऱ्यांकडे ओढून घेतलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला.

त्या दिवशी शेवटचा मुलगा विहिरीबाहेर येईपर्यंत शापायने फेणीचा थेंब घेतला नव्हता. तसा त्यांचा दरवर्षीचा नेमच होता. मला वाटायचं, म्हातारा माणूस, त्याला मजा कळत नाही. आज कळतं की बाकीच्यांची मजा त्या एका माणसाच्या कोरड्या घशावर उभी होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण उडी ठेवली आणि दोरी सोडून दिली. मग काही वाईट घडलं की लोक म्हणतात, 'ही परंपराच धोक्याची.' पण परंपरेत उडी होती तशी दोरीही होती. शापायचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, तरी सगळ्यांना पाठ होते. आधीचा पायरीला हात लावेपर्यंत दुसऱ्याने उडी मारायची नाही. पाय खाली, डोकं वर. ज्या विहिरीचं पाणी आपण वर्षभर काढतो, तिच्यातच उतरायचं. अंधार पडला की बंद.

यातला 'वर्षभर पाणी काढतो' हा नियम आज सगळ्यात जास्त मोडला आहे, आणि त्यात कुणाची चूकही नाही. घरोघरी नळ आले. विहिरी मागच्या अंगणात पडून राहिल्या. तळाशी काय आहे कोण सांगणार? मोडलेली फांदी असेल, बाटल्या असतील, जुनी लोखंडी बादली असेल. पाऊस उशिरा आला तर २४ जूनला पाणी कमरेएवढंच असतं, आणि जोरात आला तर गढूळ पाण्यात हातभर खालचंही दिसत नाही. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या विहिरीत हवाही खराब असू शकते. जिथे पंप बसवला आहे तिथे विजेची तार पाण्यात गेलेली असते. उडीआधी मेन स्विच बंद केला का, हे किती जण विचारतात? आणि जिथे विहीरच उरली नाही तिथली मुलं सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणीवर जातात. तिथे पाणी हिरवं, शांत आणि सुंदर दिसतं. पण काठ सरळ तुटलेला असतो, पायऱ्या नसतात, पकडायला काही नसतं आणि बघायलाही कुणी नसतं.

त्यात दोन नव्या गोष्टींची भर पडली. पहिली, रील. चांगला व्हिडिओ यावा म्हणून मुलं कठड्यावरून उलटी कोलांटी मारतात. दुसरी, गाडी. एका विहिरीवरून दुसरीकडे जाताना ट्रिपल सीट, ओला रस्ता, आणि डोक्यावर कोपेल आहे म्हणून हेल्मेट हातात. कोपेल सुंदर असतं हो, पण डांबरावर आपटल्यावर ते काही वाचवत नाही.

'मग बंदीच घाला,' असं आईसारखे बरेच जण म्हणतील. मला ते पटत नाही. घरच्या विहिरीवर बंदी घातली तर मुलं घरी बसणार नाहीत. ती खाणीवर जातील, लपून जातील, आणि लपून गेलेल्या मुलाच्या मागे दोरी घेऊन कुणी उभं नसतं. दुसऱ्या बाजूने माझे मित्र म्हणतात, 'तू सगळ्या मजेचं वर्कशॉप करून टाकतेस.' त्यांना मी एवढंच विचारते: क्रिकेट खेळताना पॅड घातल्याने खेळ कमी होतो का?

शिवाय हा प्रश्न फक्त एका सणाचा नाही. भारतात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून जाहीर केला. सांजावनंतर बरोबर एक महिना आणि एक दिवस. बेळगावच्या आपल्या मित्रांनो, मे महिन्यात गाडी काढून तुम्ही आमच्या किनाऱ्यावर येता तेव्हाही हेच लागू आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी, लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. लाटेने आत ओढलं तर किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा आणि मग परत या. आणि जीवरक्षकाने शिट्टी मारली तर त्याच्याशी वाद घालू नका. तो तुमची सुट्टी खराब करायला उभा नाही.

विहिरीवर काय करायचं, तेही सांगते. आदल्या दिवशी बांबू किंवा दगड बांधलेली दोरी सोडून खोली मोजा आणि तळ चाचपा. पंपाची वीज बंद करा. प्यायलेल्याला उडी नाही, मग तो जावई का असेना. एका वेळी एकच. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तो गप्प होतो, म्हणून एकाने फक्त पाण्याकडे बघायचं. कुणी अडचणीत आला तर त्याच्यामागे उडी मारू नका. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही जातात. दोरी, टायरची ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, असोला नारळ, जे तरंगतं ते फेका. १०८ ला फोन करा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर त्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढण्यात वेळ घालवू नका. ज्याला येतं त्याने तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. आणि तो शुद्धीवर येऊन 'मी ठीक आहे' म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनंतरही त्रास देऊ शकतं.

हे सगळं एका पोस्टरवर मावेल. पण पोस्टर दोरी धरत नाही, ती माणसालाच धरावी लागते. म्हणून मंडळातल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: विहीर असो, नदी असो की समुद्र, निघण्याआधी एकाचं नाव ठरवा. 'आज दोरी कोण धरणार?' हा प्रश्न 'गाडी कोण आणणार?' इतक्याच सहजपणे विचारला गेला पाहिजे. ते काम दरवर्षी त्याच बिचाऱ्याच्या गळ्यात टाकू नका, पाळी लावा. आणि त्या माणसाची थट्टा करू नका. जेवणाचं पहिलं ताट त्याला द्या.

आमच्या घरचा निकाल परवा लागला. भाऊ जाणार, पण तीनच विहिरींवर, ज्यांची पाहणी तो आणि त्याचे मित्र आदल्या दिवशी स्वतः करतील. आई अजून पूर्ण राजी नाही. शापाय आता नाहीत. त्यांची दोरी माळ्यावर होती, ती मी उतरवून पाहिली तर उंदरांनी कुरतडलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवी आणली. असोले नारळ घरचेच आहेत.

कोपेल मीही घालणार आहे. फक्त यंदा उडी मारणार नाही. या वर्षीची पाळी माझी.