'जेन डो'ला देव्हाऱ्यात बसवू नका

मेटलकोअरचा विषय निघाला की कन्व्हर्जच्या 'जेन डो'चं नाव येतंच. "आजचं सगळं मेटलकोअर तिथूनच आलं," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. हे वाक्य मला खटकतं. अल्बम जिवापाड आवडतो म्हणून जास्तच खटकतं.

अल्बम आला ४ सप्टेंबर २००१ ला. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा हा बँड १९९० पासूनचा, आणि हा त्यांचा चौथा अल्बम. अमेरिकेत ओळख न पटलेल्या बाईला कागदोपत्री 'जेन डो' म्हणतात. गायक जेकब बॅननचं नातं तुटलं होतं, त्यातून ही गाणी आली. 'टेररायझर' या ब्रिटिश मासिकानं तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवला. पुढे स्पुटनिकम्युझिकनं दशकातला सर्वोत्तम म्हटलं. मुखपृष्ठावरचा तो चेहरा तर टी-शर्टांवर इतका पसरला की गाणी न ऐकलेल्यांनाही तो ओळखता येतो.

कौतुक रास्तच आहे. माझं भांडण आहे ते 'प्रभाव' या शब्दाच्या ढिसाळ वापराशी.

२००२ नंतर जे मेटलकोअर खपलं, त्याचा साचा आठवा. कडव्यात आरडाओरडा, मग स्वच्छ गळ्याचा कोरस, मग ब्रेकडाउन. किलस्विच एंगेजनं हा साचा घराघरात नेला. त्यातली गिटार आली स्वीडनच्या गोथेनबर्गहून, अ‍ॅट द गेट्ससारख्या बँडांकडून. 'जेन डो'त गुणगुणावा असा कोरस शोधून सापडत नाही. आणि वेड्यावाकड्या तालाचं श्रेयही एकट्या कन्व्हर्जचं नाही. बॉचचा 'वी आर द रोमन्स' आणि डिलिंजर एस्केप प्लॅनचा 'कॅल्क्युलेटिंग इन्फिनिटी' हे दोन्ही १९९९ चे. म्हणजे ज्या घराचा पाया म्हणून आपण 'जेन डो' दाखवतो, ते घर मुळात दुसऱ्याच जागेवर उभं आहे.

मग या अल्बमनं मागे काय ठेवलं? माझ्या मते, काम करण्याची पद्धत. गिटारिस्ट कर्ट बॅलूनं मॅथ्यू एलार्डच्या जोडीनं अल्बमची निर्मिती केली. मुखपृष्ठ खुद्द बॅननचं. बॅलूकडे एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी आहे, हे कळल्यावर माझ्यासारख्या इंजिनिअरला गुदगुल्या होणारच. त्याच्या गॉडसिटी स्टुडिओत पुढे कोड ऑरेंज, नेल्स अशा बँडांची रेकॉर्डिंग्ज झाली. बॅनन चालवत असलेल्या डेथविश या लेबलनं डेफहेवनचा 'सनबेदर' २०१३ मध्ये काढला. हे बँड एकमेकांसारखे वाजत नाहीत, कन्व्हर्जसारखे तर नाहीच. इथे आवाजाची नक्कल झाली नाही. हत्यारं एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"शेवटी परिणाम झालाच ना? मग भांडतोस कशाला?" असं कुणी विचारेल. भांडतो, कारण चुकीच्या इतिहासातून चुकीचा धडा मिळतो. 'पाया' म्हटलं की पोरं त्याच रिफची, त्याच किंकाळीची उजळणी करत बसतात. 'पद्धत' म्हटलं तर स्वतःचा आवाज स्वतः रेकॉर्ड करायला शिकतील. आपल्या मुंबईच्या स्क्राइबकडे बघा. अल्बमांची नावं 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगॅम्बो'. एक 'अंदाज अपना अपना'मधून उचललेलं, दुसरं 'मिस्टर इंडिया'मधून. ज्या गल्लीत वाढले, तिथला चावटपणा त्यांनी हार्डकोरमध्ये घातला. सेलमची थंडी उसनी आणली नाही.

यादीत पहिला नंबर मिळाला की ऐकणं थांबतं, हा दुसरा तोटा. या अल्बमचं पहिलं गाणं दीड मिनिटही चालत नाही; शेवटचं अकरा मिनिटांच्या वर जातं. मधल्या दहा गाण्यांत राग हळूहळू थकत जातो, आणि शेवटी उरतं ते निव्वळ दुःख. प्लेलिस्टमध्ये एकटं पहिलं गाणं टाकलंत तर हातात फक्त राग येतो. २०१६ मध्ये रोडबर्न महोत्सवात बँडनं अख्खा अल्बम वाजवला, तो उगाच नाही.

पंचेचाळीस मिनिटं काढा. क्रम बदलू नका, मध्ये फोन उचलू नका. नाही आवडला तर बिनधास्त तसं म्हणा. न ऐकता मान डोलावण्यापेक्षा ते कितीतरी बरं.