भाषांतर झाले, रुग्णापर्यंत पोहोचले का?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिले म्हणजे ते रुग्णाच्या पोटात गेले, असे कोणी गृहीत धरत नाही. मध्ये औषधाची खिडकी असते, साठा असतो, घरची विसरभोळी सवय असते. रुग्णालयातील संगणकाच्या मराठी सूचनांबाबत मात्र हे गृहीत धरले जाते. सूचनांचे भाषांतर झाले, फाइल जोडली, कागदोपत्री काम पूर्ण. आणि पाकिटावरच्या लेबलवर छापून येते, ‘टेक वन टॅब्लेट आफ्टर फूड’. भाषांतर वाया गेलेले असते, कारण प्रोग्रॅमने ती फाइल उघडलेलीच नसते.

असे कसे होते, हे समजणे अवघड नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेली सी भाषा आजही ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात आणि अनेक वैद्यकीय उपकरणांत वापरली जाते. सीमधल्या प्रोग्रॅमला इतर भाषा बोलायला लावण्यासाठी ‘गेटटेक्स्ट’ ही व्यवस्था रूढ आहे. प्रोग्रॅममध्ये मूळ इंग्रजी वाक्ये राहतात; भाषांतरकार ‘पीओ’ नावाच्या साध्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्यासमोर मराठी वाक्य लिहितो; त्यापासून संगणकासाठी ‘एमओ’ फाइल बनते. प्रोग्रॅम सुरू होताना तीन गोष्टी व्हाव्या लागतात. वापरणाऱ्याने निवडलेली भाषा लागू करायची, भाषांतरे कोणत्या फोल्डरमध्ये आहेत ते सांगायचे आणि फाइलचे नाव सांगायचे. यातली एखादी पायरी सुटली, फाइल भलत्या जागी पडली किंवा यंत्रावर मराठीची मांडणीच बसवलेली नसली, तरी प्रोग्रॅम थांबत नाही. इशाराही देत नाही. निमूटपणे इंग्रजी वाक्य दाखवतो.

प्रोग्रॅमरच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे. भाषांतर नाही म्हणून यंत्र बंद पडणे कोणालाच परवडणार नाही. पण जी चूक दिसत नाही, ती दुरुस्तही होत नाही. खिडकीमागच्या औषधनिर्मात्याला इंग्रजी वाचता येते, त्यामुळे त्याला काही खटकत नाही. अडचण खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आजीबाईंची असते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषध दुकानांत संगणकाने छापलेली स्पॅनिश लेबले संशोधकांनी तपासली. त्याचे निष्कर्ष ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१० मध्ये आले. निम्म्या लेबलांत चुका होत्या आणि त्यांतल्या बहुतेक अर्धवट भाषांतराच्या, म्हणजे स्पॅनिश आणि इंग्रजीच्या मिसळीच्या होत्या. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. पण हीच अक्षरे स्पॅनिशमध्ये वाचली तर अर्थ होतो अकरा. दिवसातून एकदा घ्यायचे औषध अकरा वेळा घेतले जाण्याचा हा धोका आहे. तिथली सॉफ्टवेअर वेगळी असतील, पण अर्धे भाषांतर रुग्णाला कुठे नेऊ शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

अशी मिसळ गेटटेक्स्टमध्येही सहज होते. मूळ इंग्रजी वाक्य बदलले, समजा ‘जेवणाआधी’चे ‘जेवणानंतर’ झाले, की जुन्या भाषांतरावर ‘संदिग्ध’ अशी खूण पडते आणि एमओ फाइल बनवताना ते वगळले जाते. परिणामी चार ओळी मराठीत, पाचवी इंग्रजीत. ती ओळ मराठीत दिसावी म्हणून संदिग्ध भाषांतरच सक्तीने आत घेतले, तर रुग्णाला शुद्ध मराठीत चुकीची सूचना मिळते. तुकडे जोडून वाक्य बनवण्याची सवयही अशीच घातक. त्यातून ‘घ्या २ गोळ्या नंतर जेवण’ असे काहीतरी तयार होते. भाषांतरकाराला अख्खे वाक्य आणि क्रमांक दिलेल्या रिकाम्या जागा मिळाल्या, तर तो ‘जेवणानंतर २ गोळ्या घ्या’ असे नीट लिहू शकतो.

उपाय खर्चिक नाहीत. भाषांतर सापडले नाही तर गेटटेक्स्ट मूळ इंग्रजी वाक्यच परत करते. त्यामुळे मराठी फाइल उघडली की नाही, हे प्रोग्रॅमला सुरुवातीलाच तपासता येते. नसेल तर कर्मचाऱ्याला ठळक सूचना मिळावी: ‘मराठी लेबल उपलब्ध नाही, रुग्णाला तोंडी समजावून सांगा.’ किती वाक्ये भाषांतरित, किती संदिग्ध, हा आकडा एमओ फाइल बनवणारे साधन एका आज्ञेत देते. तो आकडा पाहिल्याशिवाय आणि रुग्णालयातल्याच यंत्रावर छापलेली लेबले मराठी वाचणाऱ्या परिचारिकेने तपासल्याशिवाय सॉफ्टवेअर स्वीकारू नये, अशी अट आरोग्य खात्याच्या प्रत्येक खरेदीत असली पाहिजे.

नवे औषध वापरात येण्याआधी त्याची मात्रा कसून तपासली जाते. ती मात्रा रुग्णाला सांगणाऱ्या ओळीचीही तशीच तपासणी व्हायला हवी.