शांततेचे मानकरी कोणी निवडावेत?

२२ मार्च २०२१ रोजी भारत सरकारने दोन वर्षांचे गांधी शांतता पुरस्कार एकदमच जाहीर केले. २०१९चा ओमानचे दिवंगत सुलतान काबूस यांना आणि २०२०चा बांगलादेशचे दिवंगत नेते शेख मुजीबुर रहमान यांना. चारच दिवसांनी पंतप्रधान ढाक्याला गेले आणि मुजीब यांच्या मुलींच्या हाती तो पुरस्कार देण्यात आला. त्यांतल्या एक, शेख हसीना, तेव्हा तिथल्या पंतप्रधान होत्या. मुजीब यांच्या कर्तृत्वाबद्दल इथे वाद घालायचा नाही. काबूस यांनीही ओमानला दारिद्र्यातून वर काढले आणि इराण-अमेरिका बोलण्यांना आडोसा दिला, हे मान्य. पण १९७०मध्ये जन्मदात्याला पदच्युत करून ते गादीवर आले आणि जवळजवळ पन्नास वर्षे सगळी सत्ता स्वतःच्याच मुठीत ठेवून बसले. ते चतुर राजे होते. पण गांधीजींच्या नावाचे मानपत्र त्यांना?

उत्तर अवघड नाही. एक कोटी रुपयांच्या या पुरस्काराच्या निवड समितीचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान असतात. १९९५मध्ये पुरस्कार सुरू झाला तेव्हापासूनची ही घडी आहे, त्यामुळे दोष एकट्या आजच्या सरकारच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पंतप्रधान निवडणार म्हटल्यावर परराष्ट्र खात्याची सोय कधी ना कधी डोकावणारच.

शांततेचे नोबेल देणाऱ्या नॉर्वेला हा धडा १९३६मध्येच मिळाला. कार्ल फॉन ओसिएत्स्की हे बर्लिनच्या एका साप्ताहिकाचे संपादक. जर्मनी तहातल्या अटी मोडून गुपचूप हवाई दल उभारत असल्याचा लेख त्यांनी १९२९मध्ये छापला आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. जर्मन संसदभवनाला, राइशस्टागला, आग लागली त्याच रात्री नाझींनी त्यांना पुन्हा उचलले आणि पुढे छळछावणीत टाकले. नोबेलसाठी त्यांचे नाव गाजू लागले तसा ऑस्लोतल्या सरकारचा जीव खालीवर होऊ लागला, कारण परराष्ट्रमंत्री हाल्वदान कोट स्वतःच समितीवर होते. अखेर कोट आणि माजी पंतप्रधान मोविंकेल बाजूला झाले, आणि उरलेल्यांनी १९३५चे राखून ठेवलेले पारितोषिक ओसिएत्स्कींना दिले. क्षयाने पोखरलेले ओसिएत्स्की तेव्हा बर्लिनच्या रुग्णालयात पोलिसांच्या पहाऱ्यात होते. नकार द्या म्हणून नाझी नेता गोअरिंगने दडपण आणले, ते त्यांनी जुमानले नाही. त्यांना ऑस्लोला जाऊ दिले नाही. नॉर्वेच्या राजानेही समारंभाकडे पाठ फिरवली. संतापलेल्या हिटलरने जर्मनांना नोबेल घेण्यासच बंदी केली. ओसिएत्स्की १९३८मध्ये गेले. पण त्याआधीच, १९३७मध्ये, नॉर्वेने नियम केला: पदावरचा मंत्री या समितीवर बसणार नाही.

याचा अर्थ नोबेल समिती तेव्हापासून धुतल्या तांदळासारखी झाली असा नव्हे. १९७३मध्ये तिने हेन्री किसिंजर यांची निवड केली आणि तिच्याच दोन सदस्यांनी राजीनामे दिले. नॉर्वेच्या सरकारचे धैर्यही बेताचेच. २०१०मध्ये चीनच्या तुरुंगातल्या लिऊ शियाओपो यांना पारितोषिक मिळाले, चीन रुसला आणि २०१४मध्ये दलाई लामा ऑस्लोत आले तेव्हा मंत्र्यांनी त्यांची भेट टाळली. आपल्याच देशात नोबेलने गौरवलेला पाहुणा दारी आला असताना! पण हेच तर पाहण्यासारखे आहे. सरकार असे कचरते, म्हणून निवड त्याच्या हाती नसावी. मंत्री समितीवर असते, तर लिऊंचे नाव पुढे सरकले असते का?

आपल्या पुरस्कारानेही कधीकधी मान उंचावली आहे. बाबा आमटे नर्मदेवरील धरणाला विरोध करत तिच्या काठी जाऊन राहिले, १९९१मध्ये त्यांनी पद्म सन्मान परत केले. तरी १९९९चा गांधी शांतता पुरस्कार त्यांनाच मिळाला. तो मोठेपणा तेव्हाच्या सरकारने दाखवला. दर खेपेला तसे मोठे मन दिल्लीत असेलच या भरवशावर गांधीजींच्या नावाचा पुरस्कार चालवता येणार नाही. पंतप्रधानांनी ते अध्यक्षपद सोडावे, आणि कोणत्याही मंत्र्याला समितीत जागा नसावी.